दसऱ्याच्या आत दिवे लख्ख

८ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. चौतीस वर्षं रेल्वेत सिग्नलच्या दिव्यांवर काढली, इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालो. नोंद केल्याशिवाय कधी स्क्रू फिरवला नाही, आता का फिरवू? ही वही कोणीही वाचू नये. घरात मी एकटाच आहे म्हणा. तरी.

काम: गाडीच्या दोन्ही हेडलाइटच्या काचा धुरकट आणि पिवळ्या पडल्यात, त्या लख्ख करणे. गाडी २००७ची, पांढरी. काच म्हणजे खरं तर प्लॅस्टिक, पण सगळे काचच म्हणतात.

मुदत: दसरा, २ ऑक्टोबर. त्या दिवशी माझी बायको सुनेत्रा येणार आहे. काल फोनवर स्वतःच म्हणाली. गाडी घेतल्यापासून दरवर्षी दसऱ्याला गाडीची पूजा तीच करते, एकदाही चुकलेली नाही. पूजेला येईन, राहायचं की नाही ते मग बघू, असं म्हणाली. हे शेवटचं ती उगाच म्हणते.

चोवीस दिवस आहेत. काम चार दिवसांचं. आज आराम.

९ सप्टेंबर, मंगळवार

काम का निघालं तेही लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको.

जुलैतली गोष्ट. संध्याकाळचे सहा, वलवण धरणाच्या रस्त्याला दाट धुकं. गाडी मी चालवतोय, शेजारी सुनेत्रा. रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड होता. जवळ गेल्यावर दगडानं भातखाचरात उडी मारली. ते गेणू आबा होते, आमच्या गॅरेजवाल्या कैलासचे वडील. कमरेपर्यंत चिखल झाला, बाकी काही नाही. धुक्यात करडी घोंगडी पांघरून माणसानं रस्त्याला उभंच का राहावं? रेल्वेत हे चाललं नसतं.

सुनेत्रा दुसऱ्या दिवशी बॅग भरून पुण्याला लेकीकडे, कौमुदीकडे गेली. म्हणायला पंधरा दिवसांसाठी. जाताना म्हणाली, आधी डोळे दाखवा, तोवर मी तुमच्या गाडीत बसणार नाही, आणि तुम्ही गाडी चालवताय हे बघत इथे राहणारही नाही.

आता शांतपणे विचार केला तर तिची तक्रार काय? पुढचं दिसत नाही. का दिसत नाही? उजेड पडत नाही. उजेड का पडत नाही? काचा खराब. काचा साफ झाल्या की तक्रार संपली. डोळ्यांचा संबंधच कुठे येतो?

माझे डोळे उत्तम आहेत. रिटायर व्हायच्या आधीच्या मेडिकलला डॉक्टरांनी तक्त्यावरचा दिवा लावायच्या आत मी शेवटची ओळ म्हणून दाखवली होती. डी, ई, एफ, पी, ओ, टी, ई, सी. अजून पाठ आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

बाजारात जाऊन सामान आणणार होतो. मग लक्षात आलं, पितृपक्ष चालू आहे. नवीन खरेदी करू नये. मी मानत नाही, पण सुनेत्रा मानते, आणि काम तिच्यासाठीच चाललंय.

घटस्थापनेपर्यंत घरात आहे त्यात भागवायचं. खरा मेकॅनिक सामानावर अडून बसत नाही.

संध्याकाळी स्टेशनवर चक्कर. गाडी रोज फिरवली नाही तर बॅटरी उतरते, म्हणून जातो. पुण्याची लोकल सात मिनिटं लेट. एक बाई उतरली, चाल अगदी सुनेत्रासारखी. नव्हती.

११ सप्टेंबर, गुरुवार

कामाचा श्रीगणेशा केला.

विचार असा: देवघरातली पितळेची समई कशानं लख्ख होते? पितळेच्या पावडरीनं. मग हेडलाइट का होणार नाही? दिवा तो दिवाच. पावडर घेतली, नारळाची शेंडी घेतली, आणि उजव्या काचेला अर्धा तास दणकून घासलं.

पिवळेपणा थोडा गेला. रेषा थोड्या आल्या.

झुंबरबाई (स्वयंपाक आणि धुणंभांडी करतात, वलवणच्याच) अंगणात आल्या, काचेकडे बघितलं, शेंडीकडे बघितलं, कपाळाला हात लावला. म्हणाल्या, भाऊ, देवाची पावडर गाडीला? आन् ह्ये काय केलं, मांजरानं नखं मारल्यावानी दिसतंय. मी सांगितलं, पहिला हात असाच असतो. त्या म्हणाल्या, वैनी कवा येनार हायेत? मी म्हणालो, दसऱ्याला. त्या म्हणाल्या, मंग ऱ्हाऊ द्या आता, हात लावू नगा.

बाईंना पॉलिशिंगमधलं कळत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सुनेत्राचा फोन. कामाची प्रगती सांगितली. बोलता बोलता असंही सांगितलं की काचांच्या पिवळेपणाचं कारण मला सापडलंय: दर दसऱ्याला ती बोटानं हळद लावते ती. अठरा वर्षांची हळद मुरली.

फोन कट झाला. लोणावळ्यात रेंजचा फार त्रास आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

पाऊस. काम बंद.

किरकोळ तक्रारी लिहून ठेवतो, अर्ज करताना उपयोगी पडतील.
वर्तमानपत्राची छपाई फार फिकट झाली आहे. शाई वाचवतात.
रस्त्यावर नवे दिवे लावलेत, प्रत्येकाभोवती रंगीत कडं दिसतं. आम्ही असा माल रिजेक्ट केला असता.
टीव्हीवरची पाटी वाचता येत नाही. कंपनीला पत्र.
चहाची चव बिघडली आहे. सकाळी इतका खारट लागला की ओतून दिला. धरणाच्या पाण्यात क्षार वाढले असावेत.

झुंबरबाई म्हणाल्या, भाऊ, साखर म्हनून मीठ घातलंसा. शक्य नाही. पण गोंधळ नको म्हणून दोन्ही बरण्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. घरात सिस्टिम हवी. सुनेत्रा आल्यावर बघेल.

१७ सप्टेंबर, बुधवार

गाडी कैलासच्या गॅरेजवर नेली, नुसती दाखवायला. रस्त्यात गेणू आबा दिसले. माझी गाडी ओळखून लगेच बांधावर चढून उभे राहिले. पार लांब जाईपर्यंत खाली उतरले नाहीत. गावाकडे रेल्वेच्या माणसाला अजून मान आहे.

कैलासनं काचेवर हात फिरवला. म्हणाला, सायेब, ह्या रेघा कशाच्या? मी म्हणालो, जुन्याच असतील. तो म्हणाला, गाडी सोडून जावा, मशीनवर अर्ध्या तासात करून देतो. मी नाही म्हणालो. भोर घाटातल्या सिग्नलच्या काचा ज्यानं चौतीस वर्षं बघितल्या, त्यानं दोन हेडलाइटसाठी गॅरेजची पायरी चढायची? मी स्वतः करणार आणि सुनेत्राला स्वतः दाखवणार, यातच खरी गंमत आहे.

निघताना हळूच म्हणाला, सायेब, वाईट वाटून घेऊ नगा, पन एकदा डोळं दावा ना. आबा अजून झोपंत वराडत्यात.

सुनेत्रानं फोन करून पढवला असणार.

१८ सप्टेंबर, गुरुवार

कौमुदीचा फोन. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे म्हणाली, शनिवारची. तिसऱ्यांदा. पहिल्यांदा माझ्या गुडघ्यानं घात केला. दुसऱ्यांदा गॅस सिलिंडर येणार होता. या वेळी सांगितलं, पितृपक्षात नवीन डॉक्टर करू नये. ती म्हणाली, बाबा, असं काही नसतं. मी म्हणालो, तुला काय माहीत.

मग तिनं विचारलं, तुम्हाला भीती वाटते का.

भीती कसली?

आमच्या वेळी माऊली म्हणून ड्रायव्हर होते. पूर्ण घाट तोंडपाठ. एका मेडिकलला डोळ्यात नापास झाले. दुसऱ्या दिवसापासून स्टोअरमध्ये, साबण आणि फडकी वाटायला. गाडीचा भोंगा वाजला की काउंटरमागून मान वर करायचे. वर्षभरात त्यांना कोणी ड्रायव्हर म्हणेना. डबासुद्धा एकटे खायचे.

हे इथे का लिहिलं माहीत नाही. कामाशी संबंध नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

स्टेशनवर चक्कर. बॅटरीसाठी. लोकल वेळेवर. आज दोन बायका सुनेत्रासारख्या. दोन्ही नव्हत्या.

घरी येऊन पोळी-भाजी गार खाल्ली. गरम करायला कंटाळा आला. सुनेत्रा असती तर ओरडली असती. ओरडायला तरी माणूस हवं घरात. आजची नोंद इथेच संपवतो.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

आजपासून खरी सुरुवात. मागचं सगळं तयारीत धरायचं.

झुंबरबाईंनी घट बसवला. मी बाजारात. वॉटर पेपर घेतले, म्हणजे पाण्यात बुडवून घासायचा बारीक कागद. दीड हजार नंबर आणि दोन हजार नंबर, हेडलाइटसाठी. शिवाय एक दोनशे वीसचा, गेटचा गंज काढायला. नंबर जितका मोठा तितका कागद मऊ. शिवाय क्लिअर स्प्रेचा डबा, शेवटी मारायला. दुकानदार म्हणाला, काका, पावसाळी हवेत मारू नका, ऊन बघून मारा. मला शिकवतो.

उद्या घासकाम. परवा स्प्रे. आठवडा हातात शिल्लक.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी १०.००. बादली, कागद, स्टूल. दोन हजार नंबरनं सुरुवात.

१०.४०. मऊ कागद असूनही खरखर आवाज येतोय. म्हणजे मळ निघतोय.

११.३०. दोन्ही काचा पूर्ण. पांढऱ्या झाल्यात. पिवळेपणा गेला!

दुपारी १.००. पांढऱ्या म्हणजे बाथरूमच्या खिडकीच्या काचेसारख्या पांढऱ्या. आतला बल्ब दिसत नाही.

संध्याकाळी ५.००. झुंबरबाईंनी कागद उचलला, पाठीमागचा आकडा त्यांच्या नातीला, पायलला, फोनवरून फोटो पाठवून विचारला. पायल लोणावळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. तिनं सांगितलं, दोनशे वीस. म्हणजे गेटचा.

आकडे इतके फिकट छापतात की कोणाचीही चूक होईल. दोन्ही कागदांचा रंगही सारखाच, करडा. कंपनीला पत्र.

२४ सप्टेंबर, बुधवार

योग्य कागदानं पुन्हा घासलं. चार तास. बोटांची सालं निघाली. आता काचा बाथरूमच्या खिडकीऐवजी तेलकट कागदासारख्या दिसतात. सुधारणा आहे.

सुनेत्राला फोन केला, झालंच म्हणून सांगितलं. तिनं विचारलं, जेवताय ना नीट? मी म्हणालो, उत्तम. तिनं विचारलं, गाडी बाहेर काढत नाही ना? मी म्हणालो, छे.

संध्याकाळी स्टेशन. लोकल बारा मिनिटं लेट. मागून फार हॉर्न वाजवतात लोक. मी पंधराच्या स्पीडनं जातो, नियमात. हल्ली घाई फार.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी ऊन पडलं. तडक स्प्रे मारला. एक हात, दोन हात. काय चकाकी आली म्हणून सांगू! दहा मिनिटं स्टुलावर बसून नुसता बघत होतो. मनात सुनेत्राला दाखवूनही झालं.

अकराव्या मिनिटाला धरणाकडून धुकं आलं, मागोमाग भुरभुर. गाडीवर छत्री धरून उभा राहिलो. गाडीला दोन हेडलाइट, छत्री एक. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. गेणू आबा रस्त्यापलीकडून बघत होते. बांधावरूनच.

स्प्रे ओला असताना दमट हवा लागली. दोन्ही काचांवर ताक सांडल्यासारखं झालंय. जसं होतं त्याहून वाईट. पावडरीच्या आधीच्या दिवशीसुद्धा इतकं वाईट नव्हतं.

रात्री जेवलो नाही. भूक नव्हती.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

नवा निर्णय. मोठ्या कामात काही भाग बाहेर द्यायला हरकत नसते, रेल्वेसुद्धा कंत्राट देते. देखरेख मात्र माझी.

२७ सप्टेंबर, शनिवार

कैलासनं मशीन फिरवलं, माझ्या मार्गदर्शनाखाली. (मार्गदर्शन: मी स्टुलावर.) जुना स्प्रे काढला, बारीक कागद, मग मशीनवर लोकरीचा गोंडा आणि पॉलिश, मग गॅरेजच्या आत पत्र्याखाली हॅलोजन लावून नवं क्लिअर. दोन तास. एकदाही हसला नाही. याबद्दल त्याला मानलं.

झाल्यावर म्हणाला, घ्या सायेब, आरशावानी झाली. तोंड बघा त्यात.

बघितलं. तोंड धूसर दिसतं.

मी तसं म्हणालो. कैलासनं जाऊन आबांना आणलं. आबा माझी गाडी बंद आहे याची खात्री करून मग जवळ आले. म्हणाले, लय झ्याक निघालंय की, माझ्या मिशीचा क्येस न् क्येस दिसतोय.

दोघे भिडस्त आहेत. तोंडावर खरं सांगवत नाही लोकांना.

२८ सप्टेंबर, रविवार

संध्याकाळी ६.४५. कंपाउंडच्या भिंतीवर टेस्ट. दिवे लावले. भिंतीवर उजेड पडतो, पण कडा पसरट, भोवती कडं. जुलैत दिसत होतं तसंच.

म्हणजे काचा नव्हेत. बल्ब.

२९ सप्टेंबर, सोमवार

कैलासकडून दोन्ही बल्ब नवे घातले. त्यानं घालून दिले. पैसे घेईना. मी बळंच दिले.

संध्याकाळी टेस्ट. तेच कडं.

म्हणजे भिंत. भिंतीला शेवाळ आहे, उजेड फुटतो.

३० सप्टेंबर, मंगळवार

भिंत ब्रशनं घासली. पाठ धरली. टेस्ट. तेच.

झुंबरबाईंना अंगणात बोलावलं. म्हणालो, खरं सांगा, काचा साफ आहेत का? घाबरू नका. त्यांनी पदरानं हात पुसले, वाकून दोन्ही काचा बघितल्या. म्हणाल्या, भाऊ, आतला बलप बी दिसतोय, त्याची तार बी दिसतीय. तुमाला दिसत न्हाई व्हय?

मी म्हणालो, दिसते की.

त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, भाकरी झाकून ठेवलीया, गरम हाय तवर खावा.

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्याचा कार्यक्रम:
सकाळी गाडी धुणे. झेंडूचा हार (आणला). आपट्याची पानं (आणली).
दुपारी स्टेशन. सुनेत्रा दुपारच्या लोकलनं येणार, दोनच्या सुमारास. मी म्हणालो, गाडी घेऊन येतो. ती मग म्हणाली, स्टेशनवर या. गाडीत बसायचं की नाही ते मी तिथे ठरवेन.

ठरवेन कशाला? काचा लख्ख आहेत, तीन साक्षीदार आहेत. मला दिसो न दिसो. हे वाक्य खोडायचं आहे, पेन संपत आलंय.

इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. ती हिरवी साडी नेसेल. दसऱ्याला नेहमी हिरवी.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी ८.००. गाडी धुतली. हार घातला. फार छान दिसते. लांबून तर नवीच.

दुपारी १.३०. स्टेशन. अर्धा तास आधी पोहोचलो. फलाटावर सगळे एकमेकांना सोनं देतायत. माझ्या खिशात आपट्याची पानं. पहिलं पान तिला.

२.२०. लोकल आली. गर्दीतून हिरवी साडी दिसली. तीच चाल. गेलो, हातातली पिशवी घेतली, पान पुढे केलं. म्हणालो, उशीर केलास, सोनं घे. गुडघा कसा आहे? आणि आणखीही एक वाक्य म्हणालो, ते इथे लिहीत नाही.

ती बाई म्हणाली, गुडघा बरा आहे भाऊ, पण तुम्ही कोण?

पिशवी परत दिली. माफी मागितली. पान तिनं ठेवून घेतलं, म्हणाली, सणाचं आहे, असू द्या.

२.५०. फलाट रिकामा. घड्याळाखाली बाकावर एक बाई बसली होती, तिच्यासमोरून दोनदा गेलो. तीही गेली. सुनेत्रा नाही.

३.४०. पुढचीही लोकल बघितली. नाही. फोन उचलत नाही. शेवटी तिनं यायचं नाही असंच ठरवलं तर.

संध्याकाळी ५.००. घरी. आधीचं खोडत नाही, पण ते चूक आहे. सुनेत्रा आली आहे. रिक्षानं येऊन कधीची पायरीवर बसली होती, झुंबरबाईंनी दिलेला चहा पीत. साडी आकाशी आहे. कौमुदीनं घेतलेली.

मी म्हणालो, कुठे होतीस, मी सगळा फलाट पालथा घातला. ती म्हणाली, घड्याळाखाली.

मी म्हणालो, हाक मारायची.

ती म्हणाली, मारणार होते. तुम्ही माझ्यासमोर उभे राहिलात. सरळ माझ्याकडे बघितलंत. आणि पुढे गेलात. दुसऱ्यांदा तर मी हात वर केला होता. मग मला हाक मारवेना.

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलत होती.

नंतर तिनं गाडीची पूजा केली. दोन्ही काचांना हळदकुंकू. वाकून नीट बघितलं आणि म्हणाली, काचा सुरेख झाल्यात. कैलासनं केल्या ना? मी म्हणालो, माझ्या मार्गदर्शनाखाली.

हसली नाही. म्हणाली, परवा वलवणमध्येच मंडळाच्या हॉलमध्ये डोळ्यांच्या तपासणीचं शिबिर आहे. तिथे आलात तर पुढचं बोलू, नाहीतर परवाच्या दुपारच्या गाडीनं मी परत जाते, आणि मग मला दिवाळीलाही बोलावू नका.

बॅग दारातच आहे. उघडलेली नाही. रात्रीची साडी तिनं हातातल्या वेगळ्या पिशवीतून काढली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

तिच्याशी बोललो, माऊली ड्रायव्हरबद्दल. साबण, फडकी, सगळं. बायकोला हे चौतीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, तुम्हाला आता कोण स्टोअरमध्ये बसवणार आहे?

कोणी नाही. तरी सहासष्टाव्या वर्षी परीक्षेची भीती वाटते, हे कोणाला सांगायचं?

तयारी म्हणून संध्याकाळी ओळ चार वेळा म्हणून घेतली. डी, ई, एफ, पी, ओ, टी, ई, सी. बिनचूक.

४ ऑक्टोबर, शनिवार

शिबिराला गेलो.

गाडीनंच गेलो. सुनेत्रा पुढच्या सीटवर बसली, शेवटी बसली. कैलास चालवत होता. मी मागे. मागच्या सीटवरून गाडी वेगळीच वाटते. रस्त्यात गेणू आबा होते, ते बांधावर चढले नाहीत. हात केला. मला नाही, कैलासला.

हॉलमध्ये खुर्च्या, रांग, भिंतीवर तक्ता. तक्त्यापाशी पायल, झुंबरबाईंची नात. म्हणाली, आजोबा, उजवा डोळा झाका आणि दिसेल ती सगळ्यात लहान ओळ वाचा.

मी ताठ बसलो. खणखणीत आवाजात म्हणालो, डी, ई, एफ, पी, ओ, टी, ई, सी.

रांगेतलं कोणीतरी खोकलं. पायल माझ्याजवळ आली, खाली वाकली, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, आजोबा, तक्ता मराठी आहे.

मग तिनं सांगितलं, बरं, सगळ्यात वरचं एकच मोठं अक्षर आहे, ते सांगा. मी बराच वेळ बघितलं. तिथे पांढरं होतं आणि पांढऱ्यात काहीतरी काळसर. म्हणालो, क. ते क नव्हतं.

डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. ऑपरेशन दोन्हींचं, एकामागून एक. होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. म्हणाले, आजोबा, इतके दिवस तुम्ही चालवत कसे होतात? सुनेत्रा शेजारी उभी होती, मी खाली बघितलं. गेणू आबांची उडी आठवली. आबांच्या जागी खरंच दगड असता तर बरं, असं आता रोज वाटणार.

किल्ली कैलासकडे दिली. त्यानं ती खिशात घातली नाही, हातातच धरून ठेवली.

दुपारी घरी. दोनची लोकल गेली. चारची गेली. मी घड्याळाकडे बघत होतो, म्हणजे ऐकत होतो, भोंगा इथे ऐकू येतो. सुनेत्रा समोर बसून शेंगा सोलत होती. मग म्हणाली, एक विचारू? फलाटावरची ती बाई दिसायला माझ्यासारखी होती का?

खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. म्हणालो, नाही. मी तीन महिने रोज त्या लोकलला जातोय, बॅटरीचं आपलं उगाच. लांबून मला सगळ्याच तुझ्यासारख्या दिसायच्या.

तिनं शेंगांचं ताट खाली ठेवलं. डोळे पुसले असावेत, मला नीट दिसलं नाही. मग उठून दारातली बॅग आत नेली. चेन उघडल्याचा आवाज आला.

आता स्वयंपाकघरात आहे. चहा टाकलाय. साखर कुठे ठेवलीत म्हणून विचारलं. मी इथूनच सांगितलं, बरणीवर चिठ्ठी लावली आहे, स्वतः लिहून.

ती म्हणाली, त्यात मीठ आहे.